मधल्या मापाची बाई

कारखान्यात तिला सगळे ‘मधली’ म्हणायचे. माहेरी ती थोरली होती आणि सासरी एकुलती एक सून, तेव्हा नात्यानं ती मधली कुठेच नव्हती. पण त्या गणवेशाच्या कारखान्यात लहान, मधलं आणि मोठं अशी तीन मापं निघायची, आणि त्यातलं मधलं माप म्हणजे ती स्वतः.

कारखाना म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. एका जुन्या गोदामाचा वरचा मजला, खिडक्यांना लागून शिलाई मशिनांची रांग, मधोमध कापड पसरायचं लांबलचक टेबल आणि कोपऱ्यात काचेची खोली. त्या खोलीत मालकीणबाई बसायच्या. हॉस्पिटलातल्या नर्स, हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायका, शाळेतल्या मदतनीस अशांचे टॉप आणि पँट इथं शिवले जात. बाईंचा एक हट्ट होता. नवा नमुना पुतळ्यावर चढवून पास करायचा नाही. पुतळा कधी वाकत नाही, आणि पलंगाखाली गेलेली चप्पल त्याला काढावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक नमुना आधी जिवंत माणसाच्या अंगावर चढे, आणि त्या माणसानं तो घालून काम केल्याचं नाटक करायचं. सलाइनची बाटली अडकवल्यासारखे हात वर करायचे, चादर खोचल्यासारखं कमरेत वाकायचं, उकिडवं बसायचं. कुठे शिवण कुरकुरली नाही, पाठ वर सरकली नाही, की नमुना पास. मग त्या मधल्या मापाच्या कागदी साच्यावरून कटिंग मास्तर लहान आणि मोठं माप काढायचे. मधल्यात चूक राहिली की ती तिन्हींत उतरलीच म्हणून समजावं.

ती आली होती काज-बटणाच्या कामाला. मास्तरांनी तिला दारातून आत येताना पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला. टेप लावून बघितला, तर खांद्यापासून कमरेपर्यंत त्यांच्या कागदाबरहुकूम. ‘ही पोरगी नाही, हा माझा साचाच चालत आलाय,’ असं ते म्हणाले. तेव्हापासून नमुना तिच्याच अंगावर. पहिली एकदोन वर्षं मास्तर अधूनमधून टेप लावायचे, पुढे तेही सोडून दिलं. कागद फाटेल, टेप ताणला जाईल, पण हिची कंबर हलायची नाही, याबद्दल सगळ्या मजल्याचं एकमत होतं. तिलाही त्याचा थोडा अभिमान होता. घरी सासूबाई आग्रह करायला लागल्या की ती ताट सरकवून म्हणायची, ‘आई, माझ्या एका घासानं तिकडे शंभर टॉप फुगतात.’

आणि आता तिला दिवस गेले होते.

हे घरात तिघांनाच माहीत होतं. ती, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जाणारा तिचा नवरा, आणि सासूबाई. चौथ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी अशीच बातमी कळली तेव्हा तिनं दुसऱ्याच दिवशी कारखानाभर सांगितलं होतं. मशिनं थांबवून बायकांनी तिला मिठ्या मारल्या होत्या. मग महिन्याभरात सगळं संपलं. दुःख तर झालंच, पण त्याच्या डोक्यावर आणखी एक काम येऊन पडलं, सांगितलेलं परत घेण्याचं. एकेकीला गाठून तेच वाक्य बोलायचं आणि वर तिचीच समजूत काढायची. गठ्ठे न्यायला येणारा टेम्पोवाला तेवढा गावी गेला होता. तो परत आला तो जिन्यातूनच ओरडत आला, पार्टी कधी म्हणून. तिनं सांगितल्यावर बिचाऱ्याचा चेहरा असा पडला की तिलाच त्याला पाणी आणून द्यावं लागलं. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं, पुन्हा वेळ आली तर तोंडाला कुलूप.

दुसरं कारण होतं टेबल. नमुन्याच्या टेबलावर इतकी वर्षं बसणारी, सगळ्यांची टेबलबाई, महिनाअखेर लेकीकडे राहायला जाणार होती. टाचण्या कुठं लावायच्या, काय उसवायचं, कुठला नमुना बाईंकडे न्यायचा आणि कुठला परत फिरवायचा, हे सगळं त्या टेबलावर ठरे. तिथं आता मधली बसणार असं सगळेच धरून चालले होते. फक्त मालकीणबाई अजून बोलल्या नव्हत्या. हॉस्पिटलची मोठी ऑर्डर एकदा मार्गी लागू दे, मग बघू, एवढंच त्यांनी म्हटलं होतं.

आणि तिसरं कारण रोज तिच्या शेजारी बसून डबा खायचं. दोरेवाली. शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून दोरेवाली. पण एके काळी ती कापडाच्या कडा बांधायच्या ओव्हरलॉक मशिनवर होती, आणि तिच्याइतका हात त्या मशिनवर कुणाचाच चालत नसे. तिला दिवस गेले तेव्हा तिनं लगेच बाईंना सांगितलं. बाई चांगलं बोलल्या, हलकं काम दिलं, सुट्टी दिली. बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर ती परत आली, तर मशिनवर दुसरीच बसलेली. ‘मला बसायला स्टूल दिलं आणि हातात कात्री दिली,’ असं ती हसत हसत सांगायची. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण नव्यानं लग्न झालेली कुणी कामाला आली की ती तिला बाजूला घेऊन एक सल्ला हमखास द्यायची. पोट दिसायला लागेपर्यंत बाईंसमोर तोंड उघडायचं नाही. मधलीनं हा सल्ला किती वेळा ऐकला होता, पण आता तो ऐकताना ती डब्यातच बघत राहायची.

तेव्हा घरात तिघांचं ठरलं होतं ते असं. आधी टेबल, मग बातमी. तोवर तीन महिनेही उलटून जातील. हिशेब सरळ होता. त्यात एकच गोष्ट धरायची राहून गेली होती, ती म्हणजे अंग.

हॉस्पिटलच्या टॉपचा नमुना आला त्या दिवशी ती सकाळी काही खाऊनही आली नव्हती. कोरा चहा तेवढा घेतला होता. टॉप अंगात शिरला, बटणं लागली. तिनं पोट आत ओढून धरलं. मास्तर नेहमीसारखे चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘हं, लाव बाटली.’ तिनं हात वर केले आणि छातीजवळची शिवण चांगलीच कुरकुरली. मजल्यावर तो आवाज फक्त तिघांना कळण्यासारखा होता. तिला, मास्तरांना आणि काचेच्या खोलीतून बाहेर येऊन उभ्या राहिलेल्या बाईंना.

मास्तरांनी पुन्हा हात वर करायला लावले. मग वाकायला लावलं. कमरेतही ताण पडत होता. शिवणीवरून बोट फिरवत ते म्हणाले, कागद चुकला.

‘तुमच्याकडून, मास्तर?’ बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं असावं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी मुकाट्यानं शिवण उसवली, छातीत आणि कमरेत बोटभर सोडलं, टाचण्या लावल्या. आता टॉप छान बसला. बाईंनी मान हलवली. उद्या सकाळी कापड पसरा, असं सांगून त्या आत गेल्या.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. तेवढ्यात टेबलबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, चला, ऑर्डर लागली मार्गी, आता तुझं तोंड गोड होणार. आणि ते शब्द आले तसे परत गेले.

दुपारी ती बटणांचा डबा आणायला खिडकीकडे गेली तर मास्तर उजेडात कागद धरून पुन्हा पुन्हा टेप लावत होते. चाळीस वर्षं कापड बेतलेला माणूस. त्यांनी कागदावरची छाती मोजली, कंबर मोजली, टेप डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

‘पोरी,’ ते म्हणाले, ‘टेपवर आकडा बरोबर दिसतोय. तुझ्या अंगावर चुकतोय. तुझं अंग तर खोटं बोलणार नाही. म्हणजे मला दिसतंय तेच खोटं.’

तिनं बटणांचा डबा उचलला.

मास्तर हसले. ‘एवढा लॉट कापतो आणि बाईंना सांगतो, दुसरा माणूस बघा. उगाच कुणाच्या तरी पोटावर पाय यायला नको माझ्या डोळ्यांपायी.’ त्यांनी खडू उचलला. तो हात आजवर तिच्या अंगाभोवती शेकडो टाचण्या लावून गेला होता आणि एकही कधी टोचली नव्हती.

संध्याकाळी घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यानं ते शांतपणे ऐकलं आणि व्यवहाराचं बोलला. बोटभर सैल टॉपनं कुणाचं काय बिघडतंय? उलट नर्सबाया दुवा देतील. एवढा एक लॉट जाऊ दे, आठवड्यात टेबलाचं ठरेल, मग खुशाल सांग. यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं, आणि तिला खोडायचंही नव्हतं. ती म्हणाली, सैल टॉप खपेल रे, मास्तरांचं काय?

सासूबाई पाय लांब करून गुडघ्याला मलम चोळत बसल्या होत्या. ‘त्यांना म्हणावं चष्मा लावा.’

‘चष्मा आहे त्यांना, आई.’

‘मग दुसरा लावा म्हणावं. तू कुठे काही बोलायला जाऊ नकोस. मागच्या वेळी बोललीस आणि काय झालं?’ त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्यांचा आवाज चढे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलमाचं झाकण लावता लावता त्या जरा वेळानं म्हणाल्या, ‘रडले का ते?’

‘नाही. हसले.’

‘मग वाईट आहे,’ सासूबाई म्हणाल्या.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. आधी बाईंना गाठायचं, दार लावून बोलायचं, असं तिनं रस्ताभर घोकलं होतं. पण बाई अजून आल्या नव्हत्या आणि मजल्यावर काम सुरू झालं होतं. लांब टेबलावर निळ्या कापडाचे थर एकावर एक पसरून झाले होते. सगळ्यांत वर मास्तरांचा नवा साचा, बोटभर वाढवलेला. कडेनं खडूची रेघ जवळजवळ पूर्ण झाली होती. कापायचं मशिन टेबलाच्या टोकाला आणून ठेवलं होतं. त्याचं पातं एकदा थरात शिरलं की मागं घेता येत नाही.

‘मास्तर, थांबा,’ ती म्हणाली. ‘माझं माप घ्या.’

‘तुझं?’ मास्तरांना वाटलं ती गंमत करतेय. ‘तुझं माप घ्यायचं म्हणजे टेपचं माप घेण्यासारखं आहे.’

‘घ्या तरी.’

तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून त्यांनी गळ्यातला टेप काढला. छाती मोजली. पुन्हा मोजली. कंबर मोजली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत मोजली. दोरे कापणारी कात्री पलीकडे थांबली होती.

‘कागद बरोबर होता, मास्तर,’ ती म्हणाली. ‘मी बदलले.’

मास्तर स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा उजळत गेला, अगदी लहान मुलासारखा. ‘म्हणजे माझा हात शाबूत आहे,’ ते म्हणाले. ‘डोळेही. अगं, मी रात्रभर...’ आणि मग ती नेमकं काय सांगतेय ते त्यांच्या ध्यानात आलं. चार नातवंडांचा तो आजोबा एकदम ओशाळला, कारण आधी त्यानं स्वतःचंच अभिनंदन करून घेतलं होतं. उठून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मशिनची पिन भिंतीतून काढून टाकली.

बाई आल्या त्या मशिन बंद का, असं विचारतच आल्या. मधली त्यांच्या मागोमाग काचेच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगून मोकळी झाली.

बाई रागावल्या. एवढं कापड कापलं गेलं असतं तर ते कुणाच्या डोक्यावर बसलं असतं? तिन्ही मापं चुकली असती, हॉस्पिटलनं सगळा माल तोंडावर फेकला असता. तिनं ऐकून घेतलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग बाईंचा आवाज खाली आला.

‘कधीपासून माहीत आहे तुला? मला का नाही सांगितलंस?’

‘टेबल हातचं जाईल म्हणून, बाई. आणि मागच्या वेळी सांगून बसले होते, ते परत घेताना फार जड गेलं.’

बाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. काही वेळ त्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर सगळी मशिनं चालू होती आणि एकही बाई शिवत नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, ‘टेबलाचं मी आत्ता काही बोलणार नाही. आधी मला मधलं माप शोधून दे.’

मग दिवसभर जी करमणूक झाली ती त्या मजल्यानं बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. पास झालेला एक जुना टॉप प्रत्येकीच्या अंगावर चढला. एकीचे खांदे बाहेर, एकीची उंची जास्त. टेबलबाईंनी तर हात घातला आणि बाही तिथंच अडली. ‘मी मधलीच होते, माझी मुलं होण्याआधी,’ असं त्या म्हणाल्या, त्यावर कुणीतरी म्हणालं, तेव्हा शिवणयंत्र निघालं होतं का? अखेरीस टॉप बसला तो इस्त्रीवालीच्या अंगावर. खांदा, छाती, कंबर, सगळं ठाकठीक. मग हॉस्पिटलचा नमुना मूळच्या मापावर आणून तिच्या अंगावर चढवला, पण तिला गुदगुल्या फार. टाचणी जवळ आली की ती खिदळायची आणि मास्तरांचा हात मागं जायचा.

‘द्या इकडे,’ मधलीनं मास्तरांकडून टाचण्या घेतल्या. इतकी वर्षं ती टाचण्यांच्या आत उभी होती. बाहेरून हे सगळं कसं दिसतं ते आज पहिल्यांदा बघत होती. तिनं इस्त्रीवालीला बोलण्यात गुंतवलं, काल नवऱ्याशी कशावरून वाजलं ते विचारलं, आणि ती रंगात येऊन सांगत असताना दोन्ही बाजूंच्या टाचण्या लावूनही झाल्या. हात वर कर, वाक, बस. कुठे काचतंय का? इस्त्रीवाली लाजून म्हणाली, कुठेच नाही. मधली म्हणाली, उजव्या काखेत काचतंय, तू हात पूर्ण वर नेतच नाहीयेस. खरंच काचत होतं. मास्तरांनी बाहीचा मुंढा नखभर खोल केला, आणि तेवढा बदल सोडता त्यांच्या मूळच्या कागदाप्रमाणे नमुना पास झाला. दुपारी कापायचं मशिन घरघरायला लागलं तेव्हा मास्तर गुणगुणत होते.

संध्याकाळी बाईंनी तिला आत बोलावलं आणि या वेळी बसायला सांगितलं.

‘टेबल तुझं,’ त्या म्हणाल्या. ‘पण तू घरी बसशील तेव्हा काय करायचं? मास्तर म्हणतात मी बघेन. मला ते कापायला हवेत. टेबलावर दुसरी बसवली तर तू आल्यावर ती उठेल का, हे मी आज कसं सांगू? मागं एकदा मला नाही उठवता आलं. तेव्हा मशिन रिकामं ठेवायची माझी ऐपत नव्हती.’

यात माफी नव्हती, पण बाई या विषयावर स्वतःहून एवढं कधी बोलल्या नव्हत्या. मधलीला त्याच क्षणी उत्तर सुचलं. इतकं सरळ, की आपल्याला हे सकाळीच का सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं.

‘दोरेवालीला बसवा,’ ती म्हणाली.

‘ती? ती परत देईल तुला?’

‘इथं तेवढी तीच देईल, बाई.’

बाईंनी काचेवर टकटक केलं. दोरेवाली गळ्यात कात्री अडकवलेली तशीच आत आली. बाईंनी तिला सांगितलं, हिची जागा काही महिने धरायची आणि ही आली की परत द्यायची, जमेल का? दोरेवालीनं गळ्यातली कात्री काढून हातात घेतली. मग मधलीकडे न बघता बाईंना म्हणाली, ‘जागा गेली की कसं वाटतं ते मला नवं नाही. तिची जागा मी धरते, कुणाला हात लावू देत नाही. पण ती आली की मला पुन्हा दोऱ्यांवर नका बसवू. माझं मशिन द्या.’

‘आज तुम्ही दोघी ठरवून आलात का?’ बाई म्हणाल्या.

‘नाही बाई. ठरवायला मला कुणी सांगितलं कुठे होतं?’ असं म्हणून दोरेवालीनं मधलीकडे असं बघितलं की मधलीनं मान खाली घातली.

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसून परत लावला. ओव्हरलॉकवर आता बसणारी पुढच्या वर्षी काम सोडणारच आहे, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, ‘दिलं. जा आता, माल बांधायचा आहे.’

दोघी बाहेर आल्या. उद्या जाणाऱ्या मालाचा ढीग तसाच पडला होता. दोरेवाली तिच्या स्टुलावर बसली आणि पायानंच दुसरं स्टूल मधलीकडे ढकललं. मधलीनं एक कात्री उचलली आणि ढिगातला वरचा टॉप मांडीवर ओढला.

‘कितवा?’ दोरेवालीनं विचारलं.

‘चौथा लागेल आता.’

‘मग आपल्याकडे वेळ थोडा आहे,’ दोरेवाली म्हणाली. ‘उद्या डबा खाऊन झाला की टाचण्यांपासून सुरुवात कर. मला टेबलावरचं काही म्हणजे काही येत नाही.’